काचेच्या पेटीतून शाळेच्या बाकावर

पॅरिसच्या प्रसूतिगृहात १८८० च्या सुमारास स्तेफान तार्निए या डॉक्टरांनी, कोंबडीची अंडी उबवण्याच्या पेटीवरून सुचलेली उबदार पेटी अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी वापरात आणली. त्यानंतर बराच काळ मुख्य प्रश्न एवढाच होता, की मूल जगेल का? जगलेले मूल ऐकते कसे, बोलते कसे, हे विचारायला उशीर झाला.

आपल्याकडे हा पाठपुरावा चिकाटीने केला तो पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. सुधा चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी. १९८७ ते १९८९ या काळात अतिदक्षता विभागातून घरी गेलेली, जन्मतः दोन किलोंहून कमी वजनाची मुले त्यांनी निवडली. कुटुंबे घरे बदलतात, गावे बदलतात. तरी ही मुले बारा वर्षांची झाल्यावरचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. अशा १८० मुलांचा सरासरी बुद्ध्यंक सुमारे ९० भरला, तर पूर्ण दिवसांच्या ९० मुलांचा सुमारे ९७. म्हणजे सरासरी सर्वसाधारण कक्षेतच होती. अडचण दिसली ती वाचनात आणि गणितात. दिवसही अपुरे आणि त्या दिवसांच्या मानाने वजनही कमी, अशी मुले सर्वांत मागे होती.

वाचनाआधी भाषा आणि भाषेआधी कान. गर्भ पंचविसाव्या आठवड्याच्या आसपास आवाजाला प्रतिसाद देऊ लागतो. आईच्या बोलण्याचा ठेका त्याच्यापर्यंत पोचतो. अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाला त्याऐवजी यंत्रांची घरघर ऐकू येते. शिवाय जेंटामायसिनसारख्या औषधांनी आंतरकर्णातील केसपेशींना इजा होऊ शकते, तर तीव्र काविळीने श्रवणचेतेला. डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये दाखवलेल्या कानाच्या प्रतिध्वनीवर आधारलेली चाचणी आंतरकर्णच तपासते. चेतेतला दोष तिच्यातून निसटतो. म्हणून अतिदक्षता विभागातील बाळांची मेंदूकडे जाणाऱ्या विद्युत्‌लहरींची चाचणीही करावी लागते.

नाशिकच्या एखाद्या वर्गात श्रुतलेखनात ‘ताट’चे ‘थाट’ लिहिणारा मुलगा आळशीच असेल असे नाही. पालकांना विचारावे; “काचेच्या पेटीत ठेवलं होतं” एवढे त्यांना नक्की आठवते. दोन महिने आधी जन्मलेल्या मुलाचा पहिला वाढदिवस झाला, तरी डॉक्टर त्याची वाढ दहा महिन्यांच्या मुलाशी ताडून पाहतात आणि ही सवलत साधारण दोन वर्षांपर्यंत देतात. पहिलीचा प्रवेश मात्र जन्मतारखेवरच होतो.