हरलेल्या शिपायाचं दुसरं जग

आमच्या सातारा भागात घरटी एक माणूस पलटणीत, असं पूर्वी म्हणत. माझे चुलत आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीबरोबर इटलीत होते. आम्ही पोरं लढाईच्या गोष्टी विचारायचो आणि आबा सांगायचे बर्फाच्या. "ते जगच निराळं होतं पोरांनो," असं म्हणून विषय संपवायचे.

आज मला ज्या कथांविषयी बोलायचं आहे, त्याही अशाच निराळ्या जगाच्या आहेत. एखादा शिपाई किंवा सबंध तुकडी आपल्या जगातून उचलली जाते आणि भलत्याच ग्रहावर, भलत्याच काळात जाऊन पडते. इंग्रजी आणि जपानी साहित्यात अशा कादंबऱ्यांची मोठी शाखाच आहे. समीक्षक त्यांना करमणूक म्हणून बाजूला ठेवतात. मी इतिहासाचा विद्यार्थी. मला त्यांत एक जुना, न मिटलेला हिशेब दिसतो.

सुरुवात करू १९१२ पासून. त्या वर्षी फेब्रुवारीत 'ऑल-स्टोरी' नावाच्या स्वस्त अमेरिकन मासिकात एक कादंबरी क्रमशः येऊ लागली. लेखकाचं नाव छापलं होतं नॉर्मन बीन. खरं नाव एडगर राइस बरोज. पुढे टारझनमुळे जगभर गाजले ते हेच. पण तेव्हा हे छत्तिशीचे गृहस्थ पेन्सिलींना टोक काढायची यंत्रं विकण्याच्या धंद्यात होते आणि धंदा चालत नव्हता. या कादंबरीचे त्यांना ४०० डॉलर मिळाले. १९१७ मध्ये ती 'अ प्रिन्सेस ऑफ मार्स' या नावानं पुस्तकरूपात निघाली.

तिचा नायक जॉन कार्टर हा व्हर्जिनियाचा. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या फौजेत कॅप्टन. १८६५ साली दक्षिण हरली. कार्टरच्या हाती उरल्या त्या कवडीमोल नोटा आणि अस्तित्वातच नसलेल्या घोडदळातला हुद्दा. सोनं शोधायला तो ॲरिझोनात जातो. अपाचे योद्धे पाठलाग करतात, तो एका गुहेत शिरतो आणि तिथून थेट मंगळावर पोचतो.

मंगळच का? त्यालाही कारण आहे. १८७७ मध्ये इटालियन खगोलशास्त्रज्ञ स्कियापारेली यांना मंगळावर रेघा दिसल्या होत्या. पर्सिव्हल लोवेल या अमेरिकन धनिकानं १८९४ मध्ये ॲरिझोनातच फ्लॅगस्टाफला वेधशाळा उभारली आणि सांगून टाकलं की हे कालवे आहेत, मरू घातलेल्या ग्रहावरची माणसं ध्रुवाकडचं पाणी शेतीला नेताहेत. बरोजनी हाच सुकत चाललेला मंगळ उचलला. तिथं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडंच जास्त, म्हणून कार्टर एका उडीत घरावरून जातो. पृथ्वीवर हरलेला माणूस तिथं सेनापती होतो, राजकन्येशी लग्न करतो. १९६५ मध्ये 'मरिनर-४' यानानं मंगळाची छायाचित्रं पाठवली, तेव्हा कालवे नव्हते, नुसती विवरं होती. पण तोवर ती स्वप्नं वाचून दोन पिढ्या मोठ्या झाल्या होत्या.

आता लेखकाकडे पाहा. बरोजचे वडील यादवी युद्धात उत्तरेच्या, म्हणजे जिंकलेल्या बाजूनं लढले होते. मुलाला सैन्याधिकारी व्हायचं होतं, पण वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीच्या प्रवेशपरीक्षेत तो नापास झाला. मग १८९६ मध्ये साधा शिपाई म्हणून तो सातव्या घोडदळात भरती झाला. नेमणूक झाली ॲरिझोनातल्या फोर्ट ग्रँटला. जेरोनिमो या अपाचे पुढाऱ्यानं शरणागती पत्करली त्याला दहा वर्षं होऊन गेली होती. मोठी युद्धं संपलेली, उरली होती धूळ आणि उन्हातली रपेट. हृदयाचा दोष निघाल्यामुळे पुढच्याच वर्षी त्याला घरी पाठवलं. लढाईला उशिरा पोचलेल्या या शिपायानं मंगळावर स्वतःसाठी लढाई रचली, असं मला वाटतं.

पण मला बोचते ती गोष्ट वेगळीच. दक्षिणेची फौज गुलामगिरी टिकवण्यासाठी लढली होती. कादंबरीच्या आरंभी घरच्या गुलामांचा उल्लेख येतो तो केवळ कार्टरवर त्यांचा किती जीव होता हे सांगायला. मंगळावर गेल्यावर तर हा प्रश्नच मिटतो. तिथं कार्टरला कुणी विचारत नाही, 'बाबा रे, तू कशासाठी लढलास?' दुसऱ्या जगाची हीच मोठी सोय. तिथं शौर्य सोबत नेता येतं आणि हिशेब मागं ठेवता येतो.

जपानचं दुखणं निराळं. पराभवानंतर, १९४७ मध्ये अमलात आलेल्या राज्यघटनेच्या नवव्या कलमानं जपाननं युद्धाचा हक्कच सोडला. १९५४ मध्ये 'स्वसंरक्षण दल' उभं राहिलं. हाती बंदूक, पण युद्ध करायचं नाही. १९७१ मध्ये हानमुरा र्यो यांनी अशाच एका तुकडीला चारशे वर्षं मागं, सरदारांच्या आपसातल्या लढायांच्या काळात धाडलं. वर्तमानात जे निषिद्ध, ते भूतकाळात करता येतं. अर्थात त्या सैनिकांना घर पुन्हा दिसत नाही. ही परंपरा पुढंही चालू राहिली. स्वसंरक्षण दलात काम केलेल्या ताकुमी यानाई यांच्या 'गेट' या कथामालेत तर टोकियोच्या भर बाजारात परजगाचं दार उघडतं.

या स्वप्नाला सुरुंग लावला तो खरोखर लढून आलेल्या माणसानं. जो हाल्डेमन पदार्थविज्ञान शिकलेला, सक्तीच्या भरतीनं व्हिएतनामला गेला आणि जखमी होऊन परतला. त्याची 'द फॉरएव्हर वॉर' ही कादंबरी अठरा प्रकाशकांनी नाकारली. १९७४ मध्ये ती निघाली आणि ह्यूगो, नेब्युला हे विज्ञानकथेतले दोन्ही मोठे पुरस्कार घेऊन गेली. तिचा नायक मँडेला प्रकाशाच्या जवळपास वेगानं दूरच्या ताऱ्यांकडे लढायला जातो. आइन्स्टाइनच्या नियमानुसार त्याची काही वर्षं सरतात तेवढ्यात पृथ्वीवर शतकं उलटतात. परत यावं तर भाषा, माणसं, चालीरीती सगळंच परकं. ११४३ वर्षांनी युद्ध संपतं, तेव्हा कळतं की ते मुळात गैरसमजातून सुरू झालं होतं. इथं परजग ताऱ्यांपलीकडे नाही. शिपायाचं स्वतःचं घरच परजग झालेलं आहे.

आपल्याकडेही एक पराभव असाच सलतो, १७६१ चा पानिपतचा. जयंत नारळीकरांनी त्यावर कथा लिहिली. तीत इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अपघातानंतर अशा जगात पोचतात, जिथं विश्वासरावांना गोळी चाटून गेली आणि मराठे जिंकले. पण गंगाधरपंत तिथं तलवार उपसत नाहीत. ते ग्रंथालयात जाऊन पुस्तकं उघडतात आणि नेमकं काय वेगळं घडलं ते शोधतात. मला ही वाट जास्त शहाणपणाची वाटते. पराभव पुसण्यापेक्षा तो समजून घेणं बरं.

कॉलेजात असताना रद्दीच्या दुकानातून आणलेली कार्टरची कादंबरी मी आबांना एकदा गोष्टीरूपानं सांगितली होती. चार हातांचे हिरवे योद्धे, हवेत उडणारी जहाजं, सगळं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "घरी कधी आला त्यो?"

मी म्हटलं, "आबा, दहा वर्षांनी आला. पण मन तिकडंच होतं. त्याला परत मंगळावरच जायचं होतं."

आबांनी पानाचा डबा जवळ ओढला. म्हणाले, "मग घरी कुनी वाट बगत नसंल त्याची."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)