सुईच्या टोकावरचे श्रम



युनियनच्या माणसाने व्याख्यानाला लोकरीच्या खेळण्याचा विषय घ्यावा, ह्याचे काहींना हसू येईल. पण गेल्या वर्षी डोंबिवलीत एका बैठकीनंतर एका भगिनीने क्रोशाने विणलेला चिमुकला हत्ती माझ्या हातावर ठेवला. "ह्याचे काय घेता, ताई?" मी विचारले. "द्याल ते, दादा. वेळ जावा म्हणून करते," त्या म्हणाल्या. तीस वर्षे मजुरीचे हिशेब मांडलेल्या मला ते उत्तर बोचले.

आधी ही वस्तू घडते कशी ते पाहू. क्रोशा म्हणजे टोकाला आकडी असलेली सुई. फ्रेंचमध्ये त्या शब्दाचा अर्थच लहान आकडी असा आहे. नवशिक्याने चेंडूपासून आरंभ करावा. हत्ती काय, ससा काय, त्यांचे डोके नि धड म्हणजे चेंडूच. लोकरीचा सरकता फास करून त्यात ६ मुके खांब घालावेत. दुसऱ्या फेरीत प्रत्येक खांबात दोन, म्हणजे १२, तिसरीत १८, चौथीत २४. पुढच्या चार फेऱ्या न वाढवता २४ च्याच. मग दोन-दोन टाके एकत्र घेत १८, १२ असे उतरावे, आत कापूस भरावा आणि ६ वर आणून तोंड मिटावे. बेरीज करा: १९२ टाके. प्रत्येक टाक्याला आकडीने लोकर निदान दोनदा ओढावी लागते. म्हणजे हात ३८४ हून अधिक वेळा चालला. आणि अजून सोंड, कान, पाय व्हायचेच आहेत!

आता यंत्राकडे वळू. १५८९ साली इंग्लंडात विल्यम ली ह्याने मोजे विणण्याचे यंत्र केले. पुढे सूतकताई आणि कापड विणणेही यंत्राने नेले. आपल्या ठाण्यात १९२५ साली लोकरीची गिरणी निघाली. १९४४ मध्ये ती सिंघानियांकडे आली आणि रेमंड ह्या नावाने देशभर गाजली. आज तिच्या आवारात उंच इमारती आहेत. परंतु क्रोशाची खरी वीण काढणारे यंत्र कारखान्यांत आजही रुळलेले नाही; यंत्राची म्हणून जी दिसते ती बहुधा दुसऱ्या विणीची नक्कल असते. जपानात अशा बाहुल्यांना अमिगुरुमी म्हणतात, तिथूनच त्यांची आवड जगभर पसरली. तेव्हा असे खेळणे कोठलेही असो, ते कोणाच्या तरी हातानेच घडलेले असते.

मग ह्या हाताचा हिशेब का नाही? आपल्या घरात ठकी होती, चिंध्यांची बाहुली होती. ती विकायची नसे, म्हणून तिची मजुरीही कोणी मांडत नसे. खेळणे बाजारात आले, पण मोजणी घरातच राहिली. आयर्लंडमध्ये १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात मठवासिनींनी बायका-मुलींना क्रोशाची लेस शिकवली, आणि त्या लेसवर कित्येक कुटुंबांनी भूक भागवली. तेथे ती करमणूक नव्हती, भाकरी होती. आपल्याकडे आंध्रात गोदावरीकाठच्या नरसापूरला मिशनऱ्यांनी ही कला नेली. तेथील लेस परदेशी जाऊ लागली, व्यापारी सधन झाले. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मारिया मीस ह्या जर्मन विदुषीने दाखवले की दिवसाचे कित्येक तास राबणाऱ्या त्या स्त्रियांना लोक कामगार न म्हणता गृहिणी म्हणत, आणि म्हणूनच त्यांची मजुरी इतकी तोकडी राही.

कायद्याला हे अगदीच ठाऊक नव्हते असे नाही. १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या व्याख्येत माल घरी नेऊन काम करणाऱ्यालाही स्थान होते. १९९६ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरबसल्या काम करणाऱ्यांसाठी १७७ क्रमांकाचा करार संमत केला. आपल्या देशाने त्यावर अद्याप मान्यतेची मोहोर उठवलेली नाही. पण कायदा येईल तेव्हा येवो. स्वतःचे काम जो स्वतः मोजत नाही, त्याच्या वतीने भांडणारालाही हाती धरायला काही उरत नाही.

त्या ताईंना मी एवढेच सुचवले: पुढचा हत्ती घड्याळ समोर ठेवून करा आणि तास वहीत लिहा. महिन्याने त्यांनी वही दाखवली. एका हत्तीला सात तास! त्या स्वतःच चकित झाल्या होत्या.

मित्रहो, कल्याणच्या गाडीत, शेजारच्या खिडकीत असे विणणारे हात आपण नेहमी पाहतो. उद्या त्यांच्याकडून काही घ्याल तेव्हा केवळ भाव विचारू नका. तास किती लागले, हेही विचारा.