कूळ लगान थकवून गेले, तर?

१८५४ साली नागपूरचे भोसले राज्य खालसा झाले आणि चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर व गडचिरोलीचा बराचसा भाग, इंग्रजी अमलाखाली आला. पुढे अनेक गावांची मालकी मालगुजारांना मिळाली. कुळांकडून लगान घेऊन त्यांनी सरकारी सारा भरायचा. लगान थकवून कूळ निघून गेले, तरी एरवी सारा चुकत नसे. दावा लावावा, तर जप्त करण्याजोगे काय उरणार? नवे कूळ शोधावे, तर जंगलमुलखात जमीन विपुल, कसणारे हात मोजके. शेत पडीक राहिले, तर रान परतणार. म्हणूनच थकबाकीवर पाणी सोडून जुन्या कुळाला परत बोलावणे हाही हिशेबीपणाच होता. ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली. कुळाचा संबंध थेट सरकारशी आला.