शिकाऱ्याने वाचलेला डोंगर

स्वित्झर्लंडमधील जुरा पर्वत चुनखडीचा. पण त्याच्या उतारांवर ग्रॅनाइटचे मोठमोठे धोंडे आढळतात. हा ग्रॅनाइट दूरच्या आल्प्समधला. मग तो इथे आला कसा? महापुराने वाहून आणला, असे एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी बहुतेक विद्वान सांगत.

ल्यूर्तिये गावचा शिकारी झाँ-पिएर पेरोदँ याला मात्र ते पटेना. एवढे धोंडे पाण्याला पेलणार कसे? एके काळी सारे खोरे हिमनदीने भरलेले असणार, असे १८१५ मध्ये त्याने खाणींचे संचालक झाँ द शार्पांतिए यांना सांगितले. त्यांना ते अशक्य वाटले. अभियंते इग्नाझ व्हेनेट्झ यांनी मात्र ते मनावर घेतले. हिमनदी आपल्या कडेला नि टोकाला दगडमातीचे बांध रचते. त्यांना हिमोढ म्हणतात. असे जुने बांध त्यांना बर्फापासून बरेच खाली सापडले. १८२९ मध्ये त्यांनी आपला सिद्धांत मांडला. तो खोडून काढायला निघालेले शार्पांतिएच पुढे त्याचे पुरस्कर्ते झाले! १८३७ मध्ये लुई अगासी यांनी न्यूशातेलच्या सभेत हिमयुगाची कल्पना मांडली.

आल्प्समध्ये १८५० च्या सुमाराचे हिमोढही आज बर्फापासून दूर, उघडे पडले आहेत. हिमयुगाचे बर्फ ओसरायला हजारो वर्षे लागली. ही माघार जेमतेम पावणेदोनशे वर्षांतली, आणि अलीकडच्या दशकांत तिला मुख्यतः माणूसच कारण आहे. हे बांध वाचायला पदवी लागत नाही. पेरोदँला कुठे लागली होती?