अणुपाणबुडी : सागराखालचे वाफेचे इंजिन

अणुशक्तीवर चालणारी पाणबुडी म्हटली की काहीतरी गूढ यंत्र डोळ्यांसमोर उभे राहते. तिचे मूळ तत्त्व मात्र कुर्डुवाडीकरांना अपरिचित नाही. १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अरुंदमापी गाडी येथून बार्शीकडे धावू लागली, ती वाफेवर. अणुपाणबुडीही वाफेवरच चालते. पाणी तापवण्यासाठी कोळशाऐवजी अणुविखंडनाची उष्णता वापरली जाते, इतकेच. कोळशाला जळण्यासाठी हवा लागते, अणुभट्टीला लागत नाही. पाणबुडीच्या दृष्टीने हाच फरक निर्णायक ठरतो.

डिझेल पाणबुडीची मर्यादा

डिझेल-विद्युत पाणबुडी पाण्याखाली बॅटरीवर चालते. बॅटरी पुन्हा भरण्यासाठी तिला पृष्ठभागाजवळ येऊन हवा घ्यावी लागते आणि नेमकी तेव्हाच ती शत्रूच्या नजरेस पडू शकते. वेग वाढवला, तर बॅटरी काही तासांतच संपते. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या कलवरी वर्गातील सहा पाणबुड्या याच प्रकारच्या आहेत.

अणुपाणबुडी मात्र महिनोन् महिने पाण्याखाली राहू शकते. पिण्याचे पाणी आणि प्राणवायू समुद्राच्या पाण्यापासून आतच तयार होतात. मर्यादा पडते ती शिध्याची आणि खलाशांच्या सहनशक्तीची.

हल्लेखोर पाणबुडीचे काम

अणुपाणबुड्यांचे प्रमुख प्रकार दोन. ‘अरिहंत’ (२०१६) आणि ‘अरिघात’ (२०२४) या अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रे घेऊन दडून राहणाऱ्या पाणबुड्या आहेत. हल्लेखोर पाणबुडीचे काम याउलट, म्हणजे पाठलागाचे. शत्रूच्या युद्धनौका आणि पाणबुड्या शोधणे, पाणतीर व क्रूझ क्षेपणास्त्रांनी मारा करणे, आपल्या विमानवाहू नौकेला संरक्षण देणे ही तिची कामे. ब्रिटनच्या ‘कॉन्करर’ने २ मे १९८२ रोजी अर्जेंटिनाची ‘जनरल बेलग्रानो’ ही क्रूझर बुडवली. त्यानंतर फॉकलंडचे युद्ध संपेपर्यंत अर्जेंटिनाच्या मोठ्या युद्धनौका किनाऱ्याजवळच राहिल्या.

आवाज हाच शत्रू

पाण्यात प्रकाश फार दूर जात नाही, ध्वनी जातो. म्हणून पाणबुडीचे आयुष्य तिच्या शांततेवर अवलंबून असते. अणुभट्टीतील उष्णतेने तयार झालेली वाफ टर्बाइन अतिशय वेगाने फिरवते. पंखा मात्र संथ फिरावा लागतो, अन्यथा त्याच्याभोवती बुडबुडे निर्माण होऊन आवाज होतो. वेगातील ही तफावत गिअरबॉक्स सांधतो. त्याच्या दात्यांत किंचित दोष राहिला, तरी तो आवाज दूरवर ऐकू जाऊ शकतो. त्यामुळे यंत्रे कंपने शोषणाऱ्या आधारांवर बसवतात आणि बाहेरून रबरी आवरण चढवतात.

‘अरिहंत’ प्रकल्पासाठी गिअरबॉक्स तयार झाला वालचंदनगरला. कुर्डुवाडीहून टेंभुर्णी, इंदापूरमार्गे गाठता येणारे हे गाव साखर कारखान्याभोवती वसले. त्याचे संस्थापक वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ मध्ये सोलापूरचा. विशाखापट्टणमच्या जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणीही १९४१ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने झाली. पुढे त्याच शहरात ‘अरिहंत’ साकारली. तिच्या अणुभट्टीमागे मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचे परिश्रम आहेत.

पुढचा टप्पा

हल्लेखोर अणुपाणबुडी भारताने आजवर रशियाकडूनच भाडेपट्ट्याने घेतली. पहिली ‘चक्र’ १९८८ ते १९९१ या काळात, तेव्हाच्या सोव्हिएत संघाकडून आलेली, नौदलात होती. दुसरी २०१२ मध्ये दाखल होऊन २०२१ मध्ये परत गेली. उसनी पाणबुडी प्रशिक्षण देते. मात्र मुदत संपली की ती परत करावी लागते. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने दोन स्वदेशी हल्लेखोर अणुपाणबुड्यांना मंजुरी दिली, ती या पार्श्वभूमीवर. मंजुरीपासून प्रत्यक्ष पाणबुडीपर्यंतचा मार्ग लांबचा असतो. ‘अरिहंत’च्या जलावतरणापासून नौदलातील प्रवेशापर्यंतच सात वर्षे गेली. हा काळ किती कमी होतो, ते गोदीइतकेच दात्यांची अचूकता घडवणाऱ्या दूरच्या कारखान्यांवरही ठरेल.