लिस्टरची पाल

लिस्टरची पाल (लेपिडोडॅक्टिलस लिस्टेरी) : गेकोनिडी कुलातील, फक्त क्रिसमस बेटावर आढळलेली लहान पाल. हिंदी महासागरातील हे १३५ चौ. किमी.चे बेट जावाच्या दक्षिणेस असून ऑस्ट्रेलियाच्या ताब्यात आहे. ही जाती निसर्गातून नष्ट झाली आहे; ती उरली आहे ती केवळ बंदिस्त पैदाशीमुळे.

ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ जोसेफ जॅक्सन लिस्टर यांनी १८८७ मध्ये ‘ईजेरिया’ जहाजातून बेटावर जाऊन नमुने गोळा केले. त्यांवरून प्राणिशास्त्रज्ञ बूलेंजे यांनी जातीचे वर्णन केले.

डोके व धड मिळून लांबी सुमारे ५ सेंमी. रंग तपकिरी, डोक्यापासून शेपटीपर्यंत पाठीवरून फिकट राखी पट्टा जातो, त्याच्या कडा नागमोडी असतात. निशाचर, वृक्षवासी, कीटकभक्षी.

१९७९ च्या सुमारास बेटाच्या पठारावरील वर्षावनात ही पाल सहज दिसत असे. ऱ्हासाच्या कारणांबद्दल एकमत नाही. बाहेरून आलेली पिवळी वेडी मुंगी, मोठी गोम आणि फॉस्फेटच्या खाणींसाठी झालेली जंगलतोड यांचीही नावे घेतली जातात. मुख्य संशय मात्र १९८७ च्या सुमारास मालवाहतुकीबरोबर पोहोचलेल्या लायकोडॉन कॅप्युसिनस या सापावर आहे. महाराष्ट्रात घरांत शिरून पाली टिपणारा कवड्या याच प्रजातीतला. ज्या बेटावर असा शिकारी कधी नव्हता, तेथील पालींना त्याच्यापासून बचाव करणे जमले नाही, असे मानण्यास आधार आहे.

ऑगस्ट २००९ मध्ये बेटावरचे पिपिस्ट्रेल वटवाघूळ शेवटचे नोंदले गेले. बंदिस्त पैदाशीसाठी ते पकडण्याची परवानगी फार उशिरा मिळाली होती. पालीच्या बाबतीत ही चूक टळली, हे या जातीच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे पाऊल होय. बरीच वर्षे न दिसलेली ही पाल २००९ मध्ये पुन्हा सापडली आणि लगेच पकडमोहीम सुरू झाली. हाती आलेल्या ४३ पालींपासून बेटावर, तसेच २०११ पासून सिडनीच्या तारोंगा प्राणिसंग्रहालयात पैदास सुरू झाली. निसर्गात ती २०१२ मध्ये शेवटची दिसली. बंदिवासातील संख्या पुढे हजाराच्या वर गेली.

२०१४ मध्ये बेटावरील बंदिस्त सरीसृपांत नवा जीवाणुजन्य रोग दिसला. एंटरोकॉकस लॅसर्टिडेफॉर्मस या जीवाणूमुळे तोंडाभोवती गाठी येऊन चेहरा विद्रूप होतो आणि उपचार न झाल्यास प्राणी मरतो. बाहेरून येऊन बेटावर स्थिरावलेल्या घरपालींतही हा जीवाणू आढळला आहे. म्हणून पैदास पिंजऱ्यांत घरपाल शिरू न देणे हा तेथील व्यवस्थेचा कळीचा भाग आहे.