टाचणातील ‘पूर्वज्ञान’ नावाचा रकाना

इंग्रजी हवी की नको, या प्रश्नावर आपल्या चळवळीत फारसे दुमत कधी नव्हते. सावित्रीबाईंनी १८५४ च्या ‘काव्यफुले’मध्ये इंग्रजीला माउली म्हटले. २०१० साली उत्तर प्रदेशात, लखीमपूर खीरी जिल्ह्यातल्या बांका गावी, चंद्रभान प्रसादांच्या पुढाकाराने तिचे मंदिर बांधायला घेतले गेले. माउलीची देवी झाली. पण ती वर्गात शिकवायची कशी, तासाला आधी काय घ्यायचे, मग काय, फळ्यावर काय लिहायचे आणि मुलांच्या तोंडून काय वदवून घ्यायचे, हा प्रश्न आपण शिक्षणशास्त्राच्या पंडितांवर सोपवून मोकळे झालो. पाठाचे नियोजन ही तांत्रिक बाब आहे, तिला जात नसते, असे आपणही धरून चाललो. हे गृहीतच येथे तपासायचे आहे.

बी. एड्. झालेल्या कुणालाही टाचणाचा कागद डोळे मिटून आखता येईल. घटक, उद्दिष्टे, शैक्षणिक साहित्य, पूर्वज्ञान, प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, उपयोजन, गृहपाठ. यामागे जी हर्बार्टची पंचपदी सांगितली जाते, तिचा वारकऱ्यांच्या पंचपदीशी संबंध नाही. पण दोन्ही त्याच क्रमाने, न चुकता म्हटल्या जातात एवढे साम्य मात्र आहे. या सर्व रकान्यांत सर्वांत निष्काळजीपणे भरला जातो तो ‘पूर्वज्ञान’ हा रकाना. ‘विद्यार्थ्यांना वाढदिवस माहीत आहे’, ‘विद्यार्थ्यांनी बाग पाहिली आहे’. कोणत्या विद्यार्थ्यांना? कुणाचा वाढदिवस? आमच्या वस्तीत जन्मतारीख ही गुरुजींनी शाळेच्या दाखल्यावर टाकलेली तारीख असे. ती साजरी करण्याची गोष्ट नव्हती.

हा रकाना आला कोठून? योहान फ्रीडरिश हर्बार्ट हा जर्मन तत्त्ववेत्ता १७७६ मध्ये जन्मला आणि १८४१ मध्ये वारला. ऐन तारुण्यात, १७९७ पासून सुमारे तीन वर्षे, तो स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेनच्या गव्हर्नरच्या तीन मुलांचा खाजगी शिक्षक होता. शिकवण्याविषयीचा त्याचा पहिला अनुभव तो हा. नवी कल्पना मनात आधी असलेल्या कल्पनांना चिकटते, म्हणून शिक्षकाने प्रथम जुन्या कल्पना जाग्या कराव्यात, हा त्याचा सिद्धान्त. तो खोटा नाही. उलट फार खरा आहे. हर्बार्टने स्वतः चार पायऱ्या सांगितल्या होत्या. त्यांच्या पाच केल्या त्याच्या अनुयायांनी, लाइप्झिगच्या त्सिलरने आणि येनाच्या राइनने. तेथून ही पंचपदी इंग्लंडमार्गे आपल्या ट्रेनिंग कॉलेजांत आली आणि छापील नमुना बनली. मूळ शिक्षकाला आपल्या तीन विद्यार्थ्यांचे घर आतून ठाऊक होते. तो त्याच घरात काम करीत होता. नमुना आपल्याकडे आला तेव्हा रकाना तेवढा आला, घर ठाऊक असण्याची अट मागेच राहिली.

आपल्याकडचे शिक्षक ते घर जाणत होते काय? जाणणे दूरच, त्या घरातले मूल वर्गात येणेच त्यांना मान्य नव्हते. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलाने सरकारकडे अर्ज केला. मुंबई सरकारने त्याचा हक्क तत्त्वतः नाकारला नाही, पण एका मुलासाठी इतरांचा रोष पत्करून शाळा ओस पाडणे इष्ट नाही, अशा अर्थाचे उत्तर देऊन त्याला बाहेरच ठेवले. १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे निवेदन देताना जोतीरावांनी म्हणूनच केवळ शाळा मागितल्या नाहीत. शिक्षक शक्यतो शेतकरी-कष्टकरी वर्गातले असावेत, वेळ पडली तर नांगर किंवा वाकस हाती धरणारे असावेत, असे ते म्हणाले. ही मागणी आपण सामाजिक न्यायाची मागणी म्हणून वाचतो. ती अध्यापनशास्त्राचीही मागणी आहे. मुलाचे पूर्वज्ञान ज्याला ठाऊक आहे असा शिक्षक जोतीराव मागत होते.

गंमत अशी की त्याच १८८२ साली जर्मनीत व्हिल्हेल्म फीटोर यांनी भाषाशिक्षण उलटे फिरवले पाहिजे असा पुकारा करणारी पुस्तिका काढली. व्याकरण आणि भाषांतर यांवर उभी असलेली जुनी रीत मोडा, जिवंत बोली भाषा शिकवा, असे सुधारकांचे म्हणणे. त्यातून प्रत्यक्ष पद्धती बळावली: वर्गात मातृभाषा नको, वस्तू दाखवा, कृती करा, इंग्रजीतूनच इंग्रजी शिकवा. पुढे ‘रेन अँड मार्टिन’च्या व्याकरणामुळे घरोघर पोचलेले पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात होते. हिंदुस्थानातील शाळांसाठी याच पद्धतीवर त्यांनी १९११ मध्ये पुस्तक लिहिले.

आजही चर्चासत्रांतून भाषांतर पद्धतीची टवाळी होते. ती करणाऱ्यांनी क्षणभर परळच्या डबक चाळीकडे पाहावे. रामजी सकपाळ हे निवृत्त सुभेदार आणि रीतसर प्रशिक्षण घेतलेले शिक्षक. चौदा वर्षे ते लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. त्यांनी भीमरावांकडून तर्खडकरांची भाषांतरमाला घोटून घेतली. एका खोलीच्या बिऱ्हाडात पहाटे दोनला मुलाला उठवायचे, पुस्तकांसाठी प्रसंगी लेकींचे दागिने गहाण टाकायचे, आणि वाक्यामागून वाक्य मराठीतून इंग्रजीत, इंग्रजीतून मराठीत फिरवायचे. १९०७ साली हा मुलगा एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाला. या घरगुती तासाला छापील टाचण नव्हते, पण नियोजन पक्के होते. भाषांतरमालेचे वैशिष्ट्य हे की ती वर्गाबाहेर नेता येते. बापाला मराठी उत्तम आणि इंग्रजी बऱ्यापैकी येत असेल तर त्याला मुलाची वही तपासता येते. प्रत्यक्ष पद्धतीला मात्र अस्खलित इंग्रजी बोलणारा शिक्षक लागतो, आणि असा शिक्षक शहरातल्या मोजक्या हायस्कुलांतच मिळे. मातृभाषेला वर्गातून हाकलणे म्हणजे ज्या मुलाजवळ तेवढे एकच भांडवल आहे त्याच्याकडून ते दारातच काढून घेणे. अर्थात भाषांतरमालेचे मराठीही पुस्तकी होते. आमच्या बोलीतून प्रमाण मराठीत आणि तेथून इंग्रजीत असे दुहेरी भाषांतर आमच्या मुलांना करावे लागे, आणि पहिल्या भाषांतराचे गुण कोणी देत नसे.

मायकेल वेस्ट यांचे नाव आपल्या चळवळीत कुणी घेत नाही; घ्यायला हवे. ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयातल्या या इंग्रज अधिकाऱ्याने १९२६ साली बंगालमधील द्विभाषिकतेवर ग्रंथ लिहिला. त्याचा प्रश्न हिशेबी होता. शाळा मध्येच सोडणाऱ्या मुलाच्या पदरात काय पडते? विम्याची पॉलिसी मध्येच मोडली तर काही सरेंडर व्हॅल्यू मिळते. तशी अभ्यासक्रमाची किती? चार वर्षे व्याकरणाच्या पायाभरणीत घालवून मूल गळाले, तर त्याला ना वाचता येते ना बोलता. म्हणून आधी वाचन शिकवावे, म्हणजे जेथे सुटेल तेथे काहीतरी हाती राहील, असे त्याचे म्हणणे. सर्वांनाच वाचन पुरेल असे मी मानणार नाही. मुलाखतीच्या टेबलापाशी आमच्या मुलांची वाचा बसते ती बोलण्याअभावीच. पण ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांबरोबर दिवाळीनंतर नाहीसा होणारा मुलगा ज्या वर्गात आहे, त्या वर्गाच्या प्रत्येक टाचणाला वेस्टचा प्रश्न विचारला पाहिजे. हा मुलगा उद्या आला नाही, तर आजच्या तासातले त्याच्याजवळ काय राहील?

स्वातंत्र्यानंतर संरचना पद्धती आली. निवडक वाक्यरचनांची यादी, सोप्याकडून कठीणाकडे, रोज एक, घोकून पक्की. टाचण लिहायला ती फार सोयीची होती. तिच्याविषयी याहून अधिक लिहिण्याजोगे मला काही दिसत नाही.

महत्त्वाचे घडले ते बंगळुरात. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिणेतील काही साध्या शाळांतून एक प्रयोग चालवला. १९८७ मध्ये प्रभूंनी त्यावर पुस्तक लिहिले. त्यांनी तासातून व्याकरणाची यादीच काढून टाकली आणि मुलांपुढे काम ठेवले: आगगाडीचे वेळापत्रक, नकाशा, त्यावरून सोडवायचे कोडे. प्रथम शिक्षक संपूर्ण वर्गाबरोबर, प्रश्नोत्तरांतून, तसलेच एक काम सोडवतो. मग मुले दुसरे एकेकट्याने सोडवतात. मन अर्थात गुंतले की भाषा मागून येते, असा विश्वास. आणि काम योग्य होते की नाही याची कसोटी रोकडी: निम्म्या वर्गाला निम्मे काम जमले पाहिजे. मला या कसोटीत लोकशाही दिसते. टाचण यशस्वी झाले हे पहिल्या बाकावरच्या चौघांच्या हात वर करण्याने ठरत नाही. निम्मा वर्ग पुढे आला की नाही, हे मोजावे लागते.

पण प्रभूंचेही वेळापत्रक आमच्या वर्गात आणताना पूर्वज्ञानाचा रकाना पुन्हा भरावाच लागतो. मी तालुक्याच्या महाविद्यालयात प्रथम वर्षाला आवश्यक इंग्रजी शिकवतो. वर्गातले बहुतेक आपल्या घरातले पहिले महाविद्यालयीन विद्यार्थी. यांचे पूर्वज्ञान कच्चे, असे स्टाफरूममध्ये रोज ऐकू येते. वास्तविक ही मुले अख्ख्या वस्तीचे कारकून असतात. कुणाचे रेशन कार्ड, कुणाचा उत्पन्नाचा दाखला, कुणाच्या आजोबांचा जातीचा पुरावा. कचेरीची भाषा आईला आणि आईचे म्हणणे कचेरीला समजावून सांगण्याचे काम ती दहाव्या वर्षापासून करीत आली आहेत. हे दुभाषेपण हेच त्यांचे पूर्वज्ञान.

म्हणून मी शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या इंग्रजी सूचना घेतो आणि तीन काल्पनिक विद्यार्थी फळ्यावर मांडतो. एकाजवळ दाखला आहे पण मुदत संपलेला, दुसरीच्या दोन कागदांवर आडनावाची दोन स्पेलिंगे, तिसऱ्याच्या बापाने अर्जच उशिरा दिलेला. कोणाचा अर्ज टिकेल, कोणाचा परत येईल, आणि सूचनेतल्या कोणत्या वाक्यावरून? पहिले उदाहरण सर्वांनी मिळून, मराठी-इंग्रजी दोन्हींत बोलून. दुसरे ज्याचे त्याने, उत्तर मात्र इंग्रजीत. स्पेलिंगच्या प्रश्नाशी एक मुलगी अशी भिडली की तहसीलदाराला द्यायच्या अर्जाचा मजकूरच तिने वर्गाला सांगितला, मराठीत, क्रमवार, तारखांसह. त्याचे इंग्रजी करण्यात पुढचे दोन तास गेले. ‘च्या आत’ आणि ‘पर्यंत’ यांना इंग्रजीत वेगवेगळे शब्दयोग का लागतात, हा प्रश्न वर्गानेच काढला. टाचणात तो नव्हता. तो मी दुसऱ्या दिवशीच्या टाचणात घेतला.